काळे फ्लेअर, दुपारचं ऊन आणि सहा बोल्ट : नागपूरच्या एका स्विफ्टचं प्रकरण

दुपारी अडीचला गाडीच्या डाव्या बाजूने पाहिलं, तर पुढच्या फ्लेअरची, म्हणजे रुंद टायर झाकायला चाकाच्या कमानीवर बसवलेल्या फायबरच्या पट्टीची, वरची कड नागमोडी झालेली. बोल्टपाशी बॉडीला घट्ट चिकटलेली आणि दोन बोल्टांच्या मधोमध चांगली चार मिलिमीटर सुटलेली. मागच्या फ्लेअरचंही तेच, जरा कमी. उजवीकडे मात्र नखभरही फट नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिलं तर मागचा फ्लेअर मुकाट्याने जागेवर बसलेला आणि पुढचाही बराचसा बसलेला. पुढच्याची थोडी फट मात्र तशीच राहिलेली.

गाडीमालक आमच्याच गल्लीतला. नोकरीला लागून दोनेक वर्षं झालेला, हात चालणारा पोरगा. माझी नोकरी हिंगण्याच्या एमआयडीसीत फायबरच्या टाक्या आणि कव्हरं बनवण्यात गेली, म्हणून त्याने मला हाक मारली. "काका, हे पहा नं, दुपारी फुगते आणि रात्री बसते. भूत आहे का ह्याच्यात?"

भूत नव्हतं, उष्णता होती. पण उष्णतेने दोन वेगवेगळ्या वाटांनी काम बिघडवलं होतं, आणि त्या वेगळ्या काढल्याशिवाय दुरुस्तीला हात घालण्यात अर्थ नव्हता. हे प्रकरण लिहून ठेवतोय ते त्यासाठीच. घरी फ्लेअर बनवणाऱ्यांचं बहुतेक लक्ष फायबरच्या थरांवर असतं, पण नागपुरात बिघडतं ते तिथे नाही.

गाडी आणि गरज

गाडी २०१० ची मारुती स्विफ्ट एलएक्सआय, चंदेरी, एमएच-३१ पासिंगची. कंपनीची चाकं ५ इंच रुंद आणि १४ इंच व्यासाची, टायर १६५/८०, ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबच्या बैठकीपर्यंतचं अंतर) ४५ मिलिमीटर. मालकाने घेतले ६.५ इंच रुंदीचे १५ इंची अलॉय, ऑफसेट ३०, त्यावर १९५/६० टायर. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो: आधी ६२० मिलिमीटरच्या आसपास, आता ६१५. म्हणजे स्पीडोमीटरला फारसा धक्का नाही.

रुंदीचा हिशोब जास्त मजेशीर आहे. जुन्या टायरची बाहेरची भिंत हबच्या बैठकीपासून, म्हणजे चाक जिथे कसलं जातं तिथून, ३७.५ मिलिमीटर बाहेर होती, नव्याची ६७.५. आतली भिंत दोन्हींत १२७.५. म्हणजे आत स्ट्रटच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) बाजूला टायर होता तिथेच राहिला आणि वाढलेली सगळी, ३० मिलिमीटर, रुंदी बाहेर आली. फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडून मोजलं तेव्हा जुना टायर साधारण १२ मिलिमीटर आत होता, म्हणून नवा १८ मिलिमीटर बाहेर डोकावणार. त्यावर दगड-चिखलाची सोय धरून फ्लेअर ३५ मिलिमीटर रुंद ठरवला. पोराने हे गणित कागदावर नीट केलं होतं, हे सांगायला हवं. बरेच जण डोळ्याने अंदाज घेतात आणि मग स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर फ्लेअरला घासतो. ह्याने जॅकने चाक वरपर्यंत उचलून आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं होतं. ऑफसेट कमी केल्याने स्टिअरिंग जड होतं आणि बेअरिंगवर भार वाढतो, तो त्याने मान्य केला होता.

ही चाकं रस्त्यासाठी नव्हती. मित्राच्या शेताजवळच्या मोकळ्या जागेत कच्चा ट्रॅक आखून ही पोरं गाड्या फिरवतात, त्यासाठी. रस्त्यावर जुनी चाकं आणि फ्लेअर उतरवलेले, असं आधीपासून ठरलं होतं. ह्यामागे कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये तर प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, किंवा दोन्ही. शिवाय गाडीची पंधरा वर्षं भरत आली होती, म्हणजे पुनर्नोंदणीसाठी ती आरटीओपुढे उभी करायचीच होती. तेव्हा चिकटवलेले फ्लेअर बादच, बोल्टचे हवेत.

पुढे जो घोळ झाला तो ह्या बोल्टांच्या भोकांपाशी झाला.

बनवले कसे

साचा न करता, थेट गाडीवर. एकच संच करायचा असेल तर माझ्याही मते हेच बरं. साचा करायचा म्हणजे आधी नमुना, मग साचा, मग वस्तू, असं तिप्पट काम.

आधी फेंडर आणि त्याच्या आजूबाजूची बॉडी खाकी पॅकिंग टेपने झाकली. पॉलिएस्टर रेझिन त्या टेपला धरत नाही. नुसती मास्किंग टेप लावली तर रेझिन कागदात मुरतं आणि मग टेप, रेझिन आणि गाडीचा रंग असं सगळं एकत्र निघतं. टेपवर मेणाचं पॉलिश, त्यावर ३०० ग्रॅमच्या मॅटचे, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चादरीचे, रेझिनमध्ये भिजवलेले दोन थर. ह्यातून बॉडीच्या अगदी मापाची पट्टी तयार झाली. ह्या पट्टीवर पुठ्ठ्याचा बांध घालून पीयू फोम भरला. थर्माकोल वापरायचा नाही, रेझिनमधलं स्टायरिन तो क्षणात विरघळवून टाकतं.

फोमची एक गंमत नागपूरपुरती सांगतो. डब्यातून फवारायचा फोम हवेतला ओलावा घेऊन कडक होतो. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे हवेत ओलावा असतो कुठे? वरून कडक दिसला, आरीपत्तीने कापायला गेलं तर आत चिकट. मग ह्याने पातळ थर देऊन प्रत्येक थरावर पाण्याचा हलका फवारा मारला, तेव्हा आतपर्यंत धरला. पण ते पाणी पूर्ण वाळल्याशिवाय वर रेझिन लावायचं नाही. मॅटमध्ये ओल राहिली की ती पांढुरकी दिसते आणि रेझिन काचेला नीट धरत नाही. पोर्चमध्ये कूलर लावून काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कूलरने माणसाला बरं वाटतं, पण त्याचा दमट झोत मॅटवर घेऊ नये. मॅटची गुंडाळी घरात ठेवावी.

आकारासाठी सनमायकाच्या तुकड्याचा छेद कापला आणि तोच कमानीवर फिरवत फोम घासला, चाळीस नंबरच्या पॉलिश पेपरने. त्यामुळे फ्लेअरचा उंचवटा कमानभर एकसारखा आला. डाव्याचं उजव्याला करताना दर दहा सेंटिमीटरला छेद उलटा लावून पाहिला. तरी उजवा पुढचा फेंडर तीनेक मिलिमीटर वेगळा निघाला. कारण साधं, तो आधी कधीतरी बदललेला होता. पंधरा वर्षांच्या गाडीच्या दोन बाजू सारख्या असतील असं धरून चालू नये. डोळ्याला सारखं दिसणं महत्त्वाचं, आणि दोन्ही पुढचे फ्लेअर एकाच वेळी एका नजरेत येत नाहीत ही आपल्या सोयीची गोष्ट.

फोमवर ४५० ग्रॅमच्या मॅटचे तीन थर. एका थराची जाडी साधारण एक मिलिमीटर येते आणि मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझिन लागतं. चार फ्लेअर मिळून पाऊण चौरस मीटर क्षेत्रफळ, म्हणजे मॅट किलोभर आणि रेझिन अडीच किलो. आधीची पट्टी आणि वाया गेलेलं धरून पाच किलोंचा डबा पुरला. पुढचं काम नेहमीचंच: आतला फोम खरडून काढला, लांबी (पुट्टी) भरली, घासलं, प्राइमर, काळा पीयू रंग.

रेझिन साधं, जनरल पर्पज म्हणून मिळतं ते. कूलरच्या फायबर बॉडी बनवणारे जिथून नेतात त्याच दुकानातून घेतलं. दुकानदाराने कोबाल्ट (प्रक्रियेला वेग देणारा) आणि कॅटलिस्ट (रेझिन कडक करणारं) वेगवेगळ्या बाटल्यांत दिले आणि एक गोष्ट बजावून सांगितली, ती मीही सांगतो: आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि मगच कॅटलिस्ट घालायचा. दोन्ही बाटल्यांतलं द्रव एकमेकांत थेट मिसळलं तर भडका उडतो. कॅटलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा. वासासाठी सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला मास्क हवा. तोंडाला बांधलेला दुपट्टा फक्त धूळ अडवतो, स्टायरिन नाही.

कॅटलिस्टचं प्रमाण रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. थंड प्रदेशातले लोक २ टक्के घालून सावकाश काम करतात. आपल्याकडे ४३ अंशात २ टक्के घातलं की ब्रश फिरवायच्या आतच डब्यात गोळा. पहिल्या दिवशी तसंच झालं. अर्धा किलो रेझिन उभट डब्यात, दुपारची वेळ. पोरगा मॅट कापत बसला आणि मागे त्याची आई ओरडली, "अरे, त्या डब्यातून धूर निघून राह्यला!" उभट डब्यात रेझिनची स्वतःची उष्णता कोंडते, तापमान वाढतं, त्याने प्रक्रिया आणखी वेगाने होते. डबा अंगणात मातीवर नेऊन ठेवला, प्लास्टिक वितळून तळाला चिकटलं. नुकसान तेवढ्यावर भागलं.

उपाय माहितगारांना ठाऊक आहेत: पसरट ट्रेमध्ये थोडं-थोडं रेझिन घ्यायचं, काम पहाटे पाच ते आठच्या दरम्यान करायचं, कोबाल्ट कमी करायचा, पण कॅटलिस्ट १ टक्क्याच्या खाली न्यायचं नाही. त्या धुराची धास्ती घेऊन पोराने नेमकं हे नको तेच केलं. पुढच्या डाव्या फ्लेअरला त्याने अंदाजाने कॅटलिस्ट घातलं. नंतर बाटलीतल्या पातळीवरून हिशोब काढला तर ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरलं. दुसऱ्या दिवशी फ्लेअर कडक लागला, म्हणून तो खूश. बाकीचे तीन पहाटे, वजनकाट्यावर १ टक्का मोजून केलेले.

फुगवट्याची चौकशी

लक्षणं दोन होती. डाव्या बाजूचे दोन्ही फ्लेअर दुपारी फुगत होते. आणि त्यातला पुढचा रात्री पूर्ण परत येत नव्हता.

आधी बाजू. गाडी घरासमोर दक्षिणेकडे तोंड करून उभी असते, म्हणजे तिच्या उजव्या अंगाला पश्चिम आणि डाव्या अंगाला पूर्व. मग दुपारचं ऊन उजवीकडे लागायला हवं, फुगायला हवी ती उजवी बाजू. मी जागेवर जाऊन उभा राहिलो तेव्हा उलगडा झाला. उजवीकडे कंपाउंडची भिंत आणि शेजारचं कडुलिंबाचं झाड, त्या बाजूला बाराच्या आधीच सावली. डावी बाजू सकाळी आठपासून उन्हात, वर समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतणारा झळांचा मारा. गाडी उलटी उभी करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी उजवे फ्लेअर फुगले, डावे नाही. म्हणजे पहिला दोष चारही फ्लेअरमध्ये होता, उजवे नुसते सावलीने वाचले होते.

तापमान मोजलं. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पृष्ठभागावर फसतो, म्हणून फ्लेअरवर आणि बॉडीवर मास्किंग टेपचे तुकडे चिकटवून त्यांच्यावर रोखला. काळा फ्लेअर ७० अंशांच्या जरा वर, शेजारची चंदेरी बॉडी ५५ च्या आसपास. फ्लेअर बसवला होता सकाळी, ३० अंशांना.

आता आकडेमोड, कारण सगळं उत्तर तिच्यात आहे. पोलाद प्रत्येक अंशाला दर मीटरमागे साधारण १२ मायक्रोमीटर वाढतं, मॅटचं पॉलिएस्टर फायबर त्याच्या अडीचपट, ३० च्या आसपास. फ्लेअरची कमानीवरची लांबी ११०० मिलिमीटर. फ्लेअर ४० अंशांनी तापला, म्हणजे १.३ मिलिमीटर वाढला. बॉडी २५ अंशांनी तापली, ती वाढली ०.३. फरक एक मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण हा एक मिलिमीटर जाणार कुठे? सहा बोल्ट, सगळ्यांची भोकं नेमक्या मापाची, बोल्ट ताणून कसलेले. टोकं बाजूला सरकू शकत नाहीत, म्हणून पट्टी बाहेर वाकते. बोल्टांच्या मधले पाच गाळे, प्रत्येक २२० मिलिमीटरचा, प्रत्येकाच्या वाट्याला ०.२ मिलिमीटर जादा लांबी. २२० मिलिमीटरच्या सरळ पट्टीत ०.२ मिलिमीटर जादा कोंबलं की मधला फुगवटा येतो ४ मिलिमीटर. आडव्या दिशेची नखाएवढीही नसलेली वाढ उभ्या दिशेला वीसपट होऊन दिसते. पोराच्या फटीत फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) घातला होता, तोही चारच्या आसपासच अडकला होता.

हा आकडा जुळला तेव्हा पहिल्या दोषाबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

दुसरा दोष, पुढच्या डाव्या फ्लेअरचा. साध्या पॉलिएस्टर रेझिनचं उष्णतेपुढे नमण्याचं तापमान पूर्ण कडक झाल्यावरही ६०-७० अंशांच्या घरात असतं, आणि अर्धवट कडक झालेल्याचं त्याहून बरंच खाली. पट्टी वाकलेल्या अवस्थेत मऊ पडली आणि तशीच निवली, की तो वाक कायमचा. खात्री करायला ॲसिटोनचं फडकं पुरतं. फ्लेअरच्या आतल्या, रंग न लावलेल्या बाजूला ॲसिटोनने मिनिटभर चोळलं. तीन फ्लेअरना काही झालं नाही. ह्याचा पृष्ठभाग बोटाला चिकट लागला आणि फडक्यावर रेझिन उतरलं. त्यात भर म्हणजे ह्याच फ्लेअरवर बाहेरून पाच-सहा मिलिमीटर लांबी भरलेली. लांबी फायबरपेक्षाही जास्त प्रसरण पावते आणि ती एकाच बाजूला असली की फ्लेअरला बाहेर ओढते.

मिस्त्रीचा उपाय

पोराने मला बोलवायच्या आधी ओळखीच्या डेंटिंगवाल्या मिस्त्रीला दाखवलं होतं. मिस्त्रीचं निदान एका वाक्याचं: "पातळ आहे नं भाऊ. दोन थर अजून मारा, मंग पाहा कसं हलते ते."

हे सरसकट चूक नाही, म्हणूनच त्याची दखल घ्यायला हवी. तीनची पाच मिलिमीटर जाडी केली की पट्टीचा वाकायला विरोध साडेचारपटीच्या वर जातो. त्या जाडीला ती बहुधा फुगणारही नाही. पण प्रसरण थांबत नाही. न वाकणारी पट्टी तोच जोर टोकांच्या बोल्टांवर टाकते. रोज दुपारी ढकलायचं, रोज रात्री ओढायचं. फेंडरचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. भोकं लांबट होतात, रंग उडतो, पावसाळ्यात तिथे गंज धरतो. नाहीतर फ्लेअरच्या भोकापासून पुट्टीत तडा जातो. म्हणजे जाडी वाढवून फक्त दोषाची जागा बदलते. वरून प्रत्येक फ्लेअरचं किलोभर वजन दीडावर जातं.

बोल्ट दुप्पट करावेत, असंही एकाने सुचवलं. गणित त्यालाही लावून पाहिलं. शंभर मिलिमीटरच्या गाळ्यांत फुगवटा अर्ध्यावर येतो, दोन मिलिमीटरच्या जरा आत. दिसणारच. आणि फेंडरला दुप्पट भोकं.

मी सांगितलं ते त्याच सहा बोल्टांत बसणारं होतं. कमानीच्या वरच्या मध्याला सर्वांत जवळचं एक ठिकाण गोल भोकाचं ठेवायचं, फ्लेअर तिथे पक्का. बाकीची सगळी भोकं फ्लेअरमध्ये कमानीच्या दिशेने लांबट करायची: बोल्ट ५ मिलिमीटरचा, खाच ८ मिलिमीटर लांब. फेंडरच्या भोकाला हात लावायचा नाही. बोल्टखाली रुंद वायसर, त्याच्याखाली नायलॉनचा वायसर, नट नायलॉकचा (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे आपोआप न सुटणारा), आणि कसायचा तो फ्लेअर हाताने जोर लावल्यावर किंचित सरकेल इतकाच. तिथून वाढ दोन्ही बाजूंना जवळजवळ अर्धी-अर्धी जाते, टोकाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यासाठी एवढी खाच पुरून उरते. फ्लेअर आणि बॉडीच्या मध्ये रबराचं बीडिंग. सरकणाऱ्या कडेने रंग घासला जाऊ नये म्हणून ते हवंच, आणि केसभर फट राहिली तर तीही झाकते.

"ढिलं ठेवायचं? मंग खडखड नाही करणार का काका?" हा त्याचा प्रश्न रास्त होता. बीडिंग दाबून बसल्यामुळे खडखड होत नाही. पाणी आत येऊ नये म्हणून पक्का बंद करायचा हा जोड नाहीच, पाणी खालून निघून जायला वाट असली की झालं.

मागच्या चाकांची गोष्ट थोडी वेगळी, आणि तिथे मी जास्त कडक बोललो. पुढचा फेंडर बोल्टने बसवलेला सुटा भाग आहे, उद्या सडला तर बदलता येतो. मागची कमान म्हणजे बाहेरचा पत्रा आणि आतला चाकाचा कप्पा एकत्र दाबून स्पॉट वेल्डिंग केलेली दुहेरी कड. ह्या कडेला भोक पाडलं की दोन पत्र्यांमधल्या फटीला पाण्याची वाट मिळते. गंज आतून सुरू होतो, बाहेर फोड येईपर्यंत कळतही नाही. काही लोक टायरला जागा करायला ही कड ग्राइंडरने कापतात, तेव्हा तर दोन पत्र्यांचा जोडच उघडतो. इथे कापायची गरज नव्हती, भोकं मात्र आधीच पाडलेली होती. ती सोलून पत्रा उघडा केला, झिंकचा प्राइमर, वर रंग, आतून पातळ कॅव्हिटी मेण फवारलं आणि मग बोल्ट.

डावा पुढचा आणि रंगाचा वाद

तीन फ्लेअर वाचले, चौथा पुन्हा केला. ह्या वेळी आयसोफ्थॅलिक रेझिन घेतलं. ते उष्णतेला साध्यापेक्षा बरं टिकतं आणि किलोमागे थोडं महाग असलं तरी एका फ्लेअरला लागतं किती? पहाटे, १ टक्का कॅटलिस्ट, काट्यावर मोजून. लांबी दोन मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही म्हणून फोमच जास्त नीट घासून घेतला. त्यात एक सकाळ जास्त गेली.

एक गोष्ट मी मुद्दाम करायला लावली. नवा फ्लेअर कडक झाल्यावर लगेच काढला नाही. गाडीवरच, टेपच्या वर, आकारात धरलेला ठेवून गाडी दिवसभर उन्हात सोडली, आणि हे काही दिवस चालू ठेवलं. पॉलिएस्टर खोलीच्या तापमानाला कडक लागलं तरी आतली प्रक्रिया अपुरी असते. त्यानंतर ते जितक्या उष्णतेत राहील तितकं पुढे टिकेल. कारखान्यात आम्ही ह्यासाठी भट्टीत ठेवायचो आणि विजेचं बिल भरायचो. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू असताना नागपुरात भट्टी फुकट मिळते. अट एकच, त्या वेळी वस्तू बरोबर आकारात धरलेली हवी, कारण वाकलेली असेल तर वाकडीच पक्की होणार. जुन्या तीन फ्लेअरनाही मोकळ्या खाचांसह बसवून असंच ऊन दाखवलं.

रंगाबद्दल आमचं जमलं नाही. माझं म्हणणं, चंदेरीच ठेव. फ्लेअर आणि बॉडी एकाच तापमानाला राहिले की प्रसरणातला फरक निम्म्यावर येतो, आणि रेझिनलाही सत्तर अंश सोसावे लागत नाहीत. त्याचं म्हणणं, चंदेरी फ्लेअर लावले तर लावलेले कळणारच कसे? काळेच ठेवले. गाडी त्याची, हौस त्याची. खाचा आहेत म्हणून तेवढं चालून जाईल असं मला वाटतं. साध्या रेझिनच्या तीन फ्लेअरबद्दल मात्र पुढच्या मे महिन्यात पाहिल्याशिवाय मी छातीठोक बोलणार नाही.

पाऊस लागल्यावर

दुरुस्तीनंतरच्या कडक दुपारी चारही फ्लेअरच्या कडा फिलर गेजने तपासल्या. ०.५ ची पात कुठेच शिरली नाही. डावा पुढचा सकाळी आणि दुपारी सारखाच.

पुनर्नोंदणीसाठी गाडी जुन्या चाकांवर, फ्लेअर उतरवून नेली. उतरवायला एकट्याला अर्धा तास लागतो. पुढची दोन्ही चाकं थोडी वळवावी लागतात, कारण आतले नट तिरक्या पान्याने गाठावे लागतात. फेंडरची भोकं रबरी बुचांनी बंद केली. विमा कंपनीला त्याने ह्या फ्लेअरबद्दल लेखी कळवावं असं मी सांगून ठेवलंय, कारण अपघाताच्या दाव्याच्या वेळी न कळवलेला बदल निघाला तर दावा अडकू शकतो. हे काम अजून बाकी आहे.

कच्च्या ट्रॅकवर पहिल्या पावसानंतर वेगळीच गोष्ट दिसली. फ्लेअरच्या आतल्या पोकळीत काळी माती ठासून भरली होती, दोन्ही मागच्या बाजूंना. विदर्भातली ही माती वाळली की दगडासारखी होते आणि ओल आत धरून ठेवते, नेमकी त्या दुहेरी कडेला लागून. फ्लेअरच्या खालच्या टोकाला १० मिलिमीटरची दोन भोकं पाडली आणि आत तिरकी रबरी पट्टी लावली, जेणेकरून चाकाने उडवलेली माती पोकळीत जाण्याआधी खाली पडेल. तरी प्रत्येक फेरीनंतर पाइपने आतून धुवायचं, आणि दिवाळीत फ्लेअर उतरवून मागच्या बोल्टांची भोकं पाहायची, असं ठरलंय. उजव्या मागच्या तिसऱ्या बोल्टापाशी झिंक प्राइमर नीट बसला नव्हता, सुरुवात तिथून करायची.